माल कोणाचा, तोटा कोणाचा?

गेल्या वर्षी एका महाविद्यालयाच्या अभ्यासमंडळावर मला बोलावणे आले. महाविद्यालय ‘पुरवठा-साखळी व्यवस्थापन’ या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू करीत होते आणि मंडळावर एखादा बाहेरचा माणूस असावा असा नियम होता. वकिलाइतका बाहेरचा माणूस दुसरा कोण मिळणार? मी गेलो. चहा झाला, काजूची बशी फिरली आणि अभ्यासक्रमाचा छापील मसुदा हाती आला. त्यात मागणीचा अंदाज होता, साठ्याचे गणित होते, गुदामाची रचना होती, संगणकावरील तीन-चार प्रणालींची नावे होती, ‘संवादकौशल्य’ नावाचा एक पेपर होता आणि अखेरच्या सत्रात एखाद्या कंपनीत उमेदवारी होती. मसुदा दोनदा चाळून मी विचारले, ‘यात माल वाहणारा कोठे आहे? वाहतुकीचा करार, वाहतूकदाराचे दायित्व, हमालाचा कायदा, वाटेत माल बुडाला तर तो कोणाचा बुडाला, हे मुले कोठे शिकणार?’ अध्यक्षांनी मोठ्या सौजन्याने उत्तर दिले, ‘वकीलसाहेब, ते कायद्याच्या महाविद्यालयात. आमच्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत.’

या उत्तराविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी वाचकांपुढे दाखल करीत आहे. परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वी उलट बाजूच्या एका आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. कारण आमच्याकडील बरीच वडीलधारी मंडळी या विषयाचे नाव काढताच हसतात. पोती मोजायला आणि गाडी भरायला विद्यापीठ कशाला, असे त्यांचे म्हणणे. आमच्या आज्याने बेळगावच्या पेठेत चाळीस वर्षे अडत चालवली, त्याने कोठली पदवी घेतली होती? हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. पण ज्या समाजाच्या स्मरणात पानिपत आहे, त्याने तरी तो करू नये. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि अंतर्वेदीतून भाऊसाहेबांच्या छावणीकडे रसद येण्याची उरलीसुरली आशा संपली. १४ जानेवारी १७६१ रोजी जी फौज मैदानात उतरली ती उपाशी पोटी उतरली होती. शौर्यावर आपण दोन-अडीच शतके पोवाडे आणि कादंबऱ्या रचल्या. रसदेवर किती पाने लिहिली? धान्याची वाट कोणत्या गावाहून जाते, ती कोण राखतो, ती तुटली तर दुसरी कोणती, या प्रश्नांना आपण कधी विद्येचा मान दिलाच नाही. ते कारकुनाचे काम, असे म्हणून सोडून दिले.

वस्तुतः या कामामागे फार सूक्ष्म विचार आहे. १९१३ साली फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने एक साधा प्रश्न घेतला : एका वेळी किती माल मागवावा? थोडा थोडा मागवला तर मागवण्याचा खर्च वाढतो, एकदम मागवला तर साठवण्याचा. या दोहोंचा तोल कोठे साधतो याचे त्याने सूत्र काढले आणि ते अद्यापि प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापले जाते. (हा गृहस्थ पुढे पेटंटविषयक वकिली करू लागला, ही गोष्ट मी अभ्यासमंडळाला आवर्जून सांगितली, तिचा काही परिणाम झाला नाही.) पुढे १९५८ साली मॅसॅच्युसेट्स येथील प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी दाखवून दिले, की गिऱ्हाइकाच्या मागणीत किंचित बदल झाला तरी कारखान्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचा डोंगर होतो, आणि हे कोणाच्या मूर्खपणामुळे घडत नसून प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाने वागत असतानाच घडते. ‘पुरवठा-साखळी व्यवस्थापन’ हे नाव मात्र बरेच अलीकडचे. ते कीथ ऑलिव्हर नावाच्या एका व्यवसाय-सल्लागाराने १९८२ साली रूढ केले.

फॉरेस्टर यांचा हा सिद्धांत समजावून देण्यासाठी त्यांच्या विद्यापीठात एक खेळ निघाला. तो आजही जगभर वर्गांतून खेळतात. त्याचे नाव ‘बिअरचा खेळ’. वाचकांनी दचकू नये. त्यात बिअरचा थेंबही नसतो, केवळ सोंगट्या आणि कागद असतात. मी तो आपल्या परिचयाच्या वस्तूवर सांगतो. समजा, जत्रेचे दिवस आहेत. देवळाच्या दारातील दुकानदाराचे रोज शंभर नारळ खपतात. एके दिवशी एकशे वीस खपले. गर्दी वाढणार असे समजून तो फोंड्याच्या व्यापाऱ्याकडे दीडशेंची मागणी नोंदवतो. त्या व्यापाऱ्याकडे अशा दहा दुकानांच्या मागण्या येतात. तोही सावधपणाने आणखी काही शेकडे वाढवून भाटकाराला निरोप धाडतो. भाटकार पाडेली शोधू लागतो, दुप्पट मजुरी कबूल करतो, कोवळे-जून न पाहता माड उतरवतो. तोवर जत्रा संपते. मग व्यापाऱ्याच्या गुदामात नारळांना कोंब फुटतात आणि पुढले दोन महिने पाडेलीला कोणी हाक मारीत नाही. देवळात आलेल्या भक्तांची संख्या केवळ काही दिवस, तीही पाचव्या हिश्शाने वाढली होती. १९९७ साली हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या तिघा अभ्यासकांनी या प्रकाराची कारणे शास्त्रशुद्ध मांडली. चाबकाच्या मुठीला दिलेला लहानसा हिसका टोकाशी केवढा होतो, त्यावरून त्याला इंग्रजीत नाव पडले आहे.

हे इतके विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की हा विषय विद्यापीठात शिकवण्याच्या योग्यतेचा आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. जो विषय गणिताला भिडतो, मानवी स्वभावाला भिडतो आणि रोजच्या ताटातील भाताला भिडतो, तो विद्यापीठात नको तर कोठे हवा? आमच्या आज्याने अडत चालवली हे खरे. परंतु नारळांना कोंब का फुटले हे आज्याला कळले नव्हते. तो पाडेलीला शिव्या देत असे.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे वळतो. वरील कथेतील पाडेलीचे पुढे काय झाले? वर्गात खेळ संपला की प्राध्यापक फळ्यावर आलेख काढतात, मागणीची लाट कशी वाढत गेली ते दाखवतात, माहिती वेळेवर वाटली असती तर एकूण खर्च किती कमी झाला असता याचा हिशेब मांडतात आणि घंटा वाजते. ‘एकूण खर्च’ हा शब्द मोठा सोवळा आहे. तो खर्च दुकानदार, व्यापारी, भाटकार आणि पाडेली यांच्यात कसा वाटला गेला, हा प्रश्न खेळाच्या नियमांत नाही. म्हणून तो आलेखात नाही आणि म्हणून परीक्षेतही नाही. मी पाहिलेल्या मसुद्यांत साखळीकडे नेहमी एकाच टोकाकडून, मालाच्या मालकाच्या खिडकीतून पाहिलेले असते. त्या खिडकीतून ट्रक दिसतो, चालक दिसत नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘वेळेला नेमका माल’ ही जपानी पद्धत. टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी ती घडवली आणि आपल्या कारखान्याच्या मर्यादेत ती अतिशय बुद्धिमान होती. साठ्याखाली झाकलेले दोष उघडे पाडणे हा तिचा हेतू. पण तिचे अनुकरण करणारांनी तिचा अर्थ एवढाच घेतला, की गुदाम रिकामे ठेवावे. गुदाम रिकामे झाले म्हणून साठा नाहीसा होत नाही. तो पुरवठादाराच्या अंगणात जातो, नाहीतर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकात जातो, आणि त्याला सांभाळण्याचा भार गुदामाच्या मालकाऐवजी त्या ट्रकाच्या मालकावर पडतो. हा बोजा एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर सरकवण्याचा व्यवहार झाला. त्याला ‘कार्यक्षमता’ हे नाव देण्यापूर्वी विद्यार्थ्याने एकदा तरी त्या दुसऱ्या पाठीकडे पाहावे, एवढीच माझी मागणी आहे.

गंमत अशी, की समुद्रावरच्या लोकांना हा प्रश्न दोन हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे आणि त्याचे उत्तरही त्यांनी देऊन ठेवले आहे. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ नावाचे सुमारे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले. २९ मार्चला ते सुटले, तरी नुकसानभरपाईच्या वादात अडकून जुलैपर्यंत कालव्याच्या तलावातच राहिले. जहाजावर पंचवीस खलाशी होते आणि ते सर्व भारतीय होते. त्या आठवड्यात जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘पुरवठा-साखळी’ हा शब्द घरोघरी पोचवला आणि व्यवस्थापनाच्या वर्गांना एक ताजा धडा मिळाला. जहाज कसे सुटले, किती जहाजे खोळंबली, पर्यायी मार्ग कोणता, हे सारे त्या धड्यात असते. परंतु एप्रिलच्या आरंभी जहाजमालकाने जी घोषणा केली तिचा उल्लेख मला वर्गात क्वचितच ऐकू आला. त्याने ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केले.

या तत्त्वाचा अर्थ असा. जहाज आणि सगळा माल संकटात सापडला आणि सर्वांना वाचवण्यासाठी जाणूनबुजून काही माल समुद्रात टाकावा लागला किंवा काही असाधारण खर्च करावा लागला, तर तो तोटा ज्याचा माल टाकला त्याच्या एकट्याच्या माथी बसत नाही. जहाजाचा मालक आणि वाचलेल्या मालाचे सारे धनी यांनी आपापल्या वाचलेल्या किमतीच्या प्रमाणात तो वाटून घ्यायचा. हा नियम ऱ्होडस बेटावरील दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने संकलित करविलेल्या रोमन विधिग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे आणि आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही तो आहे. ‘एव्हर गिव्हन’वर ज्यांच्या पेट्या होत्या, त्यांना जहाज सोडवण्याच्या खर्चात आपला वाटा देण्याची हमी दिल्यावाचून माल मिळणार नव्हता. सर्वांसाठी झालेला त्याग सर्वांनी भरून द्यावा, हे सूत्र इतके सरळ आहे, की एखाद्या महाजनमंडळींच्या बैठकीतही ते क्षणात मान्य होईल. मात्र ते पाण्यावर चालते. किनाऱ्याला लागले, की संपते.

जमिनीवर काय चालते ते सांगण्यासाठी मला परदेशात जाण्याचे कारण नाही. गोव्यातील लोहखनिजाची साखळी आम्ही डोळ्यांदेखत पाहिली : डोंगरावरची खाण, तेथून धक्क्यापर्यंत टिपर ट्रक, धक्क्यापासून मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्ज, आणि शेवटी मुरगाव बंदरातील जहाज. चीनमध्ये पोलादाची भूक वाढली तसे सांगे, केपे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी कर्जे काढून ट्रक घेतले. फॉरेस्टरची लाट यापेक्षा स्पष्ट कोठे पाहायला मिळणार? मग सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की खाणपट्ट्यांची मुदत २००७ सालीच संपली होती. पुढे उत्खनन करायचे तर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा पाळावी लागेल. नंतर शासनाने पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने अशी ८८ नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या.

हे निकाल चुकीचे होते असे माझे म्हणणे मुळीच नाही. कायद्याचा पदवीधर म्हणून मी म्हणेन, की ते याहून आधी लागायला हवे होते. ज्या गावांतून हे ट्रक जात होते तेथील लोकांनी धूळ खाल्ली, विहिरी गमावल्या. २०१७ साली सत्तरीतील सोनशी गावच्या रहिवाशांनी ट्रक अडवले तेव्हा त्यांना तुरुंगात जावे लागले. ही माणसे तर साखळीच्या कोणत्याच आकृतीत नव्हती. माझा प्रश्न निराळा आहे. डोंगर, नद्या आणि पुढल्या पिढ्या यांना वाचवण्यासाठी जहाजावरचा माल समुद्रात टाकणे प्राप्त होते. तो टाकला गेला. पण टाकलेल्या मालाची किंमत कोणी भरली?

मी मडगावला वकिली करतो. त्या काळात सांगे तालुक्यातील एक ट्रकमालक माझ्याकडे आला. त्याच्यावर बँकेने वसुलीचा दावा लावला होता. बँकेचे कागद चोख होते, बचावाला जागा नव्हती. तो म्हणाला, ‘वकीलबाब, ट्रक बंद जालो, पूण हप्तो बंद जालो ना.’ मी त्याला विचारले, खनिज वाहण्याचा तुझा लेखी करार कोणाशी होता? कोणाशीच नव्हता. ट्रकांची संघटना सांगेल त्या दिवशी, सांगेल त्या फेरीला तो जात असे. दर फेरीमागे ठरलेला. काम किती दिवस चालेल याची हमी नव्हती आणि थांबले तर काय याचा शब्दही नव्हता. शासनाने पुढे कर्जदारांसाठी काही सवलतीच्या योजना काढल्या. त्यांतून त्याचे थोडेफार निभावले. तरी ट्रक गेला आणि ट्रकाबरोबर घरामागची काजूची बागही गेली. दहा-दहा चाकांच्या गाड्या, कोट्यवधींचा माल, मुरगावला उभी असलेली परदेशी जहाजे, आणि या साऱ्याला जोडणारी कडी एका तोंडी शब्दावर लोंबकळत होती. पदवीधर व्यवस्थापक त्या साखळीतही होते. त्यांनी फेऱ्यांचे वेळापत्रक उत्तम आखले असेल. पण ही कडी तुटली तर काय, असा प्रश्न त्यांना कोणी शिकवलाच नव्हता.

यावर कोणी म्हणेल, जमिनीवर असा वाटपाचा नियम करणे अशक्यच आहे. समुद्रावर सगळे एका जहाजात असतात, जमिनीवर प्रत्येक जण सुटा. हा आक्षेप मला खरोखर विचारार्ह वाटतो. परंतु त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या महाराष्ट्राने १९६९ सालीच देऊन ठेवले आहे. अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या माथाडी कामगारांच्या चळवळीतून तेथे माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसंबंधीचा कायदा झाला. अडचण हीच होती : हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. त्याचा मालक कोण? मालकच ठरत नाही म्हटल्यावर रजा कोणाकडे मागायची, भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा, पाठ मोडली तर भरपाई कोणी द्यायची? कायद्याने युक्ती केली ती अशी, की मंडळ स्थापन करून त्याकडे हमालांची आणि व्यापाऱ्यांची दोघांचीही नोंदणी केली. मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के अधिभार भरायचा. त्या सामायिक निधीतून हमालाचे हक्क भागवायचे. ज्याने पोते उतरवून घेतले त्याने आपल्या पोत्याच्या प्रमाणात वाटा उचलला. ऱ्होडसच्या व्यापाऱ्यांना हे दाखवले असते तर त्यांनी ओळखीचे हसू हसले असते. या मंडळांत पुढे दोष शिरले, माथाडीच्या नावाखाली दांडगाई करणारेही निघाले, हे मला ठाऊक आहे, तेही शिकवावे. ज्या रचनेने साखळीच्या सर्वांत खालच्या माणसाला एक कायदेशीर जागा दिली, ती रचना पुरवठा-साखळीच्या पदवीत नसावी, हे मात्र मला समजत नाही.

शिकवतात काय, तर मुंबईचे डबेवाले. हे उदाहरण बहुतेक वर्गांत असते आणि ते परदेशी शिक्का मारून परत आल्यामुळे अधिकच मानाचे झाले आहे. हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयाने २०१० साली त्यावर अभ्यासपत्रिका काढली. डब्याच्या झाकणावरील खुणा, लोकलची वेळ, चुकांचे नगण्य प्रमाण, हे विद्यार्थी तोंडपाठ सांगतात. मी अशाच एका विद्यार्थ्याला विचारले, या लोकांची मिळकत कशी वाटली जाते? त्याला सांगता आले नाही. एका गटातील डबेवाले मिळकत सारखी वाटून घेतात. ते कोणाचे नोकर नसून आपल्या धंद्याचे भागीदार आहेत. डबा वेळेवर पोचतो त्याचे अर्धे रहस्य झाकणावर असेल. उरलेले अर्धे या वाटणीत आहे. आणि मार्च २०२० मध्ये कचेऱ्या बंद झाल्या, तेव्हा तोच डबेवाला मावळ-जुन्नरकडच्या आपल्या गावी परतला आणि पुन्हा शेतीला लागला. अभ्यासपत्रिकेतील घड्याळ तेथे थांबते.

त्याच महिन्यातील आमची स्थिती आठवा. गोव्याची भाजी मुख्यतः बेळगावहून घाट उतरून येते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. टाळेबंदी जाहीर झाली, दुकानांना कुलपे लागली, सीमेवर गाड्या थांबल्या आणि कित्येक घरांत काही दिवस डाळभात आणि लोणचे यांवर निभावले. चोर्ल्याच्या अलीकडे मागणी होती, पलीकडे माल होता, मध्ये रस्ता होता. नव्हता तो एवढाच निर्णय, की संकटकाळी या गाडीला सोडण्याचा अधिकार कोणाचा, चालक आजारी पडला तर जबाबदारी कोणाची, नासलेली कोबी कोणाच्या खात्यावर. हे तिन्ही प्रश्न संगणकाचे नाहीत.

आता ‘नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत’ या वाक्याकडे येतो. मिळाल्याच पाहिजेत, मी भुकेचा पुरस्कार करणारा नाही. माझ्या त्या ट्रकमालक पक्षकाराचा मुलगा हाच अभ्यासक्रम घेण्याच्या विचारात आहे आणि मी त्याला नको म्हटलेले नाही. पण नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे काय येणार? गुदामाच्या दारात गाडी उभी असेल. माल उतरवण्याची वाराई कोणी द्यायची यावरून चालक आणि हमाल यांची बाचाबाची चालू असेल. चालक म्हणत असेल, ‘ज्याचा माल त्याचा हमाल’. चार पेट्या भिजलेल्या निघतील आणि पावतीवर ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असेल. त्या शिक्क्याची किंमत काय? सार्वजनिक वाहतूकदाराविरुद्ध दावा करणाराला त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, हा नियम १८६५ च्या कायद्यापासून आपल्याकडे आहे. त्या कायद्याची जागा आता २००७ च्या रस्ता-वाहतूक कायद्याने घेतली आहे. चालक सोळा तास गाडी हाकून आला असेल. मोटार परिवहन कामगारांसाठी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस ही मर्यादा संसदेने १९६१ सालीच घातली होती. तो कायदा संसदेने २०२० साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. समुद्रमार्गाने माल आला तर जहाजी पावतीसंबंधीचा १८५६ चा कायदा २०२५ मध्येच बदलला आहे. आमच्या मसुद्यातील पदवीधराला यांपैकी एकही गोष्ट ठाऊक नसेल. तो कंपनीच्या वकिलाला दूरध्वनी करील, वकील फी लावील. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे, हे मी मंडळाला प्रामाणिकपणे सांगितले.

एक खुलासा येथे केला पाहिजे. कलमांची घोकंपट्टी करणारा आणखी एक पेपर लादावा, असे मला सुचवायचे नाही. तसले पेपर मी स्वतः दिले आहेत. परीक्षा संपली की त्यांतले काही उरत नाही. साठ्याचे सूत्र शिकवताना ‘हा साठा कोणाच्या अंगणात’ हे विचारावे. वाहतुकीचा खर्च काढताना त्यात चालकाच्या झोपेचे तास धरावे. खेळ संपल्यावर आलेखाशेजारी एक वहीचे पान ठेवून कोणाला किती तोटा आला ते नावानिशी लिहावे. वडोदऱ्यास २०२२ साली गति शक्ती विश्वविद्यालय या नावाने खास वाहतूक आणि मालपुरवठा या विषयांसाठी केंद्रीय विद्यापीठ झाले आहे. गायकवाडांच्या त्या मुलखाला हा मान शोभतो. तेथेच डभोई ते मियागाम या अरुंद रुळांवर १८६२ साली बैलांनी गाडी ओढली होती आणि दहा-अकरा वर्षांनी तेथे इंजिन आले. नव्या विद्यापीठाला घडी बसवण्यास अजून अवकाश आहे. तेथील आमच्या मराठी वाचकांपैकी ज्यांचा त्या मंडळींशी संबंध येत असेल त्यांनी हा प्रश्न तेथेही काढावा, अशी माझी विनंती आहे. बैलाच्या वैरणीचा हिशेब इंजिन आल्यावर कोणत्या वहीत गेला, याचा शोध घेणारा एखादा विद्यार्थीही तेथे मिळावा.

आमच्या महाविद्यालयाचे म्हणाल, तर मी एका पानाची टिपणी लेखी दिली होती. तिचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. सुचवलेला भाग ‘श्रेयांकांच्या मर्यादेत बसत नसल्याने’ घेता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. ‘संवादकौशल्या’चे चार श्रेयांक आहेत, त्यांतील दोन या भागाला द्यावे, ते शक्य नसेल तर माझा विरोध इतिवृत्तात शब्दशः नोंदवावा, असे मी उलट टपाली कळवले आहे. पुढील बैठक दिवाळीनंतर आहे आणि मी जाणार आहे.